टिकाऊ

बैठक माझ्याच वर्गात भरली.
पत्रा नवा, कंपनीचा. खुर्च्या कंपनीच्या.
फळ्यावर हिरव्या खडूने शब्दही त्यांनीच लिहिला.

एउफ्रासिया लिएंद्रो सूत कातत बसली होती.
"टिकाऊ म्हणजे," तिनं विचारलं, "काय टिकणार?"
इंजिनिअर पोरगा भला. म्हणाला,
"आजची गरज भागवायची, उद्याच्या तोंडचा घास न काढता."
"आजची कुणाची?"
त्यानं नकाशा उलगडला.

मिठाच्या पठारावर निळ्या तळ्यांच्या चौकटी.
जमिनीखालचं खारं पाणी वर ओढायचं,
वर्षभर उन्हात घालायचं, वाळवणासारखं;
उरेल ती पांढरी भुकटी बोटीत चढेल,
आणि दूरच्या एका शहरात मोटारी धुराविना धावतील,
मुलं कमी खोकतील.
हे खोटं नाही.
खोकणारं एक मूल एउफ्रासियानं पुरलंय,
तांब्याच्या भट्टीखालच्या गावात.

पण ओल्या कुरणात यंदा मेंढीचा खूर रुतत नाही.
त्याला पुरावा नाही. अहवाल, पान एकशे बारा.
तिचा नातू ओक्ताव्हियो त्याच कंपनीचा टँकर चालवतो,
तिचा नवा गुडघा त्याच्या पगारातला,
आणि रात्री तिचा रेडिओ ज्या बॅटरीवर बोलतो
ती कशाची, हे तिला पक्कं ठाऊक आहे.

मी व्याकरण शिकवते.
टिकणे अकर्मक. टिकवणे सकर्मक:
कुणीतरी, काहीतरी.
कुणासाठी, हेही विचारता येतं.
टिकाऊ म्हटलं की सगळेच गळतात,
विशेषण तेवढं उरतं, खुर्चीसारखं, कुणीही बसावं.

खरं तर मी ही कविता पाटावर संपवणार होते.
दरवर्षी सगळं गाव फावडी घेऊन पाट उपसतं,
गाळ काढतं, पाण्याला दारू पाजतं, नाचतं;
पुढच्या वर्षी गाळ पुन्हा हजर.
ह्याला शब्द नाही, फावडं आहे,
अशी ओळही सुचली होती.
पण यंदा माणसं पुरली नाहीत.
तरणी सगळी पाळीवर.
पाटकरी हिलारियोनं कंपनीला फोन केला,
पिवळं यंत्र आलं, जेवणाआधी काम उरकलं.
म्हातारी माणसं खूश.
नाचायला तेवढा कुणाला घाम आला नव्हता.

सह्यांची वही रांगेतून फिरत तिच्यापाशी आली.
सूत तुटलं होतं. तिनं थुंकी लावून पीळ दिला,
ओढून पाहिलं,
मग वही मांडीवर घेतली, बराच वेळ.
मी मागे खिडकीपाशी उभी.
बाहेर टँकरचा हॉर्न वाजला.
तिनं सही केली का, मला दिसलं नाही.