शिल्लक अडीच दिरहम

माणशी पंचवीस दिरहम जमा केले मी
अजमानच्या पुलाखाली, सकाळी सहाला.
बारा सीटची व्हॅन, माणसं चौदा.
मेश्राम रात्रपाळी संपवून क्रेनवरून थेट आलेले,
कपाळावर हेल्मेटचा वळ तसाच.
निलंती पांढऱ्या साडीत.
मालकिणीने सातपर्यंत सोडलंय,
हे तिने तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा घड्याळ बघून.

पहिलं विहार म्हणजे एक व्हिला.
बाहेर पाटी नाही. गेटपासून पायरीपर्यंत नुसत्या चपला.
अंगणात निळ्या टबात पिंपळाचं रोप,
वर हिरवी जाळी.
हे तिसरं, भन्ते म्हणाले,
आधीची दोन ऑगस्टने नेली.
एसीचं पाणी नळीने त्याच्या मुळाशी आणलेलं:
थेंब,
मग बराच वेळ काही नाही,
मग थेंब.
मी ब्लॉकच्या कारखान्यात हिशेब लिहितो,
किती पाण्यात काय टिकतं
ते मला पाठ आहे असं वाटायचं.

वंदना एकच, पण उच्चार दोन.
आम्ही अकोल्याच्या घाईने पुढे,
ते कँडीच्या चालीने मागून,
आणि प्रत्येक ओळीच्या टोकाशी आमचं थांबणं,
पुढे गेलेल्याने वळणावर थांबावं तसं.

दुसरं, टायरच्या दुकानावर, चौथा मजला.
थाई बायका. मूर्तीपुढे लाल सरबताची बाटली,
झाकण काढून, वर स्ट्रॉ घालून.
"हे आपल्यात बसत नाही," मेश्राम मला कुजबुजले.
"तहान तर बसते ना?" गोंडाणेबाई म्हणाल्या,
आणि खाली येईपर्यंत कुणी काही बोललं नाही.
लिफ्टमध्ये सहा सहा जण.

मग बाजार.
खारवलेली सुरमई, काळी वाळकी लिंबं,
खजुराच्या राशींवर पंखा,
आणि निलंती, जी व्हॅनमध्ये एक शब्द बोलली नव्हती,
अरबीत अशी भांडली कोळंबीवाल्याशी
की त्याने दीड दिरहम सोडला
आणि वरून कडीपत्ता दिला.
कोपऱ्यात, बांगलादेशी पोराच्या टोपलीत
अंबाडी!
"कावून बे, इथं कशी आली तू?"
मेश्राम त्या भाजीलाच विचारत होते.
सहा जुड्या घेतल्या. शिजवणार कुठे, कुणालाच ठाऊक नाही.
कॅम्पात एक शेगडी आणि रांग.

बख्त रवान, आमचा ड्रायव्हर, दिवसभर बाहेरच.
कुठल्याच दारात आला नाही, आम्हीही म्हटलं नाही.
दुपारी खाडीच्या कडेला रोटी आणि तळलेली मासळी खाताना
गोंडाणेबाईंच्या मोबाईलमधला फोटो त्याने पाहिला,
बोटं पुसली, मोठा करून पुन्हा पाहिला.

"हा आमच्या शेतात होता."
कुठे?
"स्वातला. दादाच्या नांगराला लागला. दगडाचा. नाक नव्हतं.
दादाने विहिरीशी उभा केला, तोंड भिंतीकडे करून.
बायका त्याच्या खांद्यावर घागर टेकवायच्या.
आम्ही पोरं पाठीवर चढायचो."
आता?
"आता विहीरच नाही. पुरात गेलं सगळं."
आणि माशाचा काटा काढत राहिला.

परतताना पुढच्या काचेशी
अंबाडीची एक जुडी होती. कुणी ठेवली, मी विचारलं नाही.
उन्हात पानं मऊ पडली, व्हॅनभर आंबट वास.
सातला चार मिनिटं कमी असताना निलंती उतरली,
गेटच्या आत गेली, साडीचा काठ तेवढा एक क्षण
बाहेर राहिला.

व्हॅन दोनशे चाळीस. दान साठ.
पार्किंग बारा. बाजार साडेपस्तीस.
साडेतीनशेतून शिल्लक अडीच.
बेरीज दोनदा तपासली, बरोबर आहे.
फक्त समासात माझ्याच अक्षरात लिहिलंय
'नाक नव्हतं',
आणि ते जमेत धरायचं की खर्चात,
मला ठरवता येत नाही.