पान सात, खाली डावीकडे

मी रात्रीची पानं लावतो.
थेसालोनिकीत, बंदरामागच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर,
जिथे वार्दारिस वारा सुटला की खिडक्या दात वाजवतात.
मला विचाराल तर बातमी म्हणजे सेंटिमीटर.

एव्हान्थियाची बातमी आली तेव्हा साडेदहा वाजले होते.
आमचीच एव्हान्थिया. चार टेबलं सोडून बसते,
तिळाचं कुलूरी अर्धं खाते,
अर्धं कागदात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवते.
तिच्या फोनमध्ये सात महिने कुणीतरी राहत होतं,
भाडं न देता, दिवा न लावता.
प्रयोगशाळेचं पत्र होतं, तारखा होत्या,
मंत्रालयाचं 'आम्हाला कल्पना नाही' होतं.

थ्रासिवुलोस, आमचा संपादक, चष्मा कपाळावर ढकलून म्हणाला,
"आपणच आपली बातमी कशी व्हायचं? बरं दिसत नाही."
मग म्हणाला, "दुसऱ्या पेपरांनी घेतलीय का बघ."
दुसऱ्या पेपरांतही कुणीतरी हेच विचारत असणार,
आमचं नाव घेऊन.
पहिल्या पानावर सरकारी जाहिरात होती, पूर्ण रुंदीची:
तुमचं घर उबदार ठेवा.

मी चाळीस ओळींच्या अकरा केल्या.
सवयीनं. आधी विशेषणं जातात, मग माणसं,
मग 'कोणी' हा शब्द जातो
आणि क्रियापद एकटं उरतं:
ऐकलं गेलं.

पान सात, खाली डावीकडे,
फेरीबोटींच्या बदललेल्या वेळांखाली.

सकाळी कोपऱ्यावरच्या टपरीवर
पेपर चिमट्यांना टांगलेले असतात, वाळत घातल्यासारखे.
लोक हात मागे बांधून पहिली पानं वाचतात
आणि सिगारेट घेऊन निघून जातात.
सातवं कुणी उलगडत नाही. मला ते माहीत होतं.
माझं सगळं कसब त्या माहितीवरच चालतं.

ती काही बोलली नाही.
दुपारी फोन ऑफिसच्या फ्रिजमध्ये ठेवला, दह्याच्या डब्यांमागे,
आणि बाल्कनीत येऊन मला सांगू लागली
सात महिन्यांत ती काय काय बोलून गेली ते:
आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन.
कावालाच्या एका कारकुनाचं नाव,
जो पार्किंगमध्ये भेटायचा आणि आता फोन उचलत नाही.
बहिणीशी भांडण. एक रडणं, कारण आठवत नाही.
"त्याला आठवत असेल," म्हणाली. "टाइप केलं असेल त्यानं:
रडते. दोन मिनिटं."

मी ऐकत होतो, म्हणजे मान हलवत होतो.
डोक्यात उद्याचं पान चालू होतं.
मध्येच लक्षात आलं,
सहा वर्षांत हिचं इतकं बोलणं मी पहिल्यांदा ऐकतोय,
आणि कुठल्याशा खोलीत हेडफोन लावून बसलेला एक इसम
हिचं एकही वाक्य अर्धं सोडत नव्हता.
काटछाट नाही. ओळी मोजणं नाही.
कान त्यांचे, डोळा त्यांचा.
आमच्याकडे उरला तो कानाडोळा.

काल तिनं नवी बातमी दिली, त्या कारकुनाची.
त्याची बदली झालीय, शाळा नसलेल्या एका बेटावर,
दोन मुलांसकट.
चाळीस ओळी.
मी अक्षर अर्ध्या पॉइंटनं लहान केलं,
चाळीसच्या चाळीस बसवल्या,
'कोणी' जागच्या जागी ठेवला.

पान मात्र सातवंच.