उत्तरं, जमतील तशी

कारियाकू, शनिवार.
ज्यूनेल, पत्र पोचलं. प्रश्न मोजले, तेरा.
चष्मा सापडेना, म्हणून उशीर.

पाणी छपरावरून टाकीत, टाकीतून बादलीत.
फेब्रुवारीनंतर भांडी विसळलेलं
पपईला घालायचं. शॉवर विसर.

गॅसचा सिलिंडर बोटीने येतो, मंगळवारी.
समुद्र खवळला तर गुरुवारी,
आणि गुरुवारीही नाहीच आला
तर क्लॉडियसकडे कोळसा असतो, उधारीवरसुद्धा.

वीज जाते. येते.
डॉक्टर आहे. दाढ दुखली तर मात्र
मोठ्या बेटावर जायचं,
आल्याचा तुकडा चघळत, आडवं पडून.

लोकरीचे कोट तिथेच वाटून टाक.
शिलाई मशीनच्या सुया आण, चौदा नंबरच्या,
आणि तो लाल डब्यातला चहा,
हडर्सफील्डहून तुझी आई पाठवायची तो.

कुंपण हवंच का, विचारतेस.
कापणी झाली की सगळे शेळ्या मोकळ्या सोडतात.
माणसांसाठी नाही गं कुंपण.

पगाराचं शाळेलाच विचार.

बारावा प्रश्न तू खोडलायस,
मी कागद दिव्यासमोर धरला:
मला ओळखतील का तिथे?

नाही ओळखणार.
धक्क्यावर उतरलीस की कुणी म्हातारा विचारेल,
तू कुणाची?
आजोबांचं नाव नको सांगूस, त्यांच्या होडीचं सांग.
मग तो तुझी बॅग उचलेल
आणि आजोबांनी बुडवलेले चाळीस डॉलर मागेल.
देऊन टाक.

तेरावा: हो, कोंबडे आरवतात.
पहाटे नाही, तीनलाच.