पंचविसाचा कट्टा

मुलाखतीत साहेबांनी विचारलं होतं,
लग्न झालंय? मुलं किती?
एक, म्हटलं. मुलगी.
अजून विचार आहे?
टेबलाच्या काचेखाली
त्यांच्या दोन मुलांचा फोटो होता.
नाही, म्हटलं.
अशी मी अंबडला कामाला लागले.

सिन्नरला आमच्या सासूबाईंना, हौसाबाईंना,
असलं कधी कुणी विचारलं नाही.
मांडीवर सूप, सुपात जर्दा,
पत्र्याचा साचा ठेवून पान कापायचं,
वळायचं, दोरा, गाठ.
थोरली कमल पाचव्या वर्षी दोरा बांधायची,
रंभा विडीचं तोंड मुडपायची,
पाचवा बाळू कट्टे मोजायचा,
पंचवीस, पंचवीस, पंचवीस,
तेवढीच त्याची बालवाडी.
सहावं पोटात होतं तेव्हा
हजारी अकराशेवर गेली होती.
ठेकेदार छाट काढायचा ती विड्यांची.
लेकरं कितीही चालायची.

माझ्या कामाला गेट आहे.
गेटवर अंगठा लावायचा, तो माझाच लागतो,
प्रांजलचा चालत नाही.
आत वायरींचे गुच्छ, लाल, पिवळे, हिरवे,
सव्वा मिनिटाला एक बांधून पुढे सरकवायचा.
तापानं फणफणलेली पोर
सव्वा मिनिटात बसत नाही.

दुसऱ्याचा विचार आलाच नाही असं नाही.
एकदा सेकंड शिफ्टहून येताना,
मोहदरीचा घाट चढत होती बस,
खिडकीला डोकं टेकून
मी नावसुद्धा ठरवलं होतं.
घाट सरायच्या आत झोप लागली.
नाव आता आठवत नाही.

नणंदा विचारतात, शेजारणी विचारतात,
बाई, एकावर कसं भागतं?
सासूबाई विचारत नाहीत.
परवा तांदूळ निवडता निवडता एवढंच म्हणाल्या,
मला गेट असतं
तर कमल शाळेत गेली असती.

मग बराच वेळ खडे वेचत राहिल्या.
अन् बाळू झालाच नसता, म्हणाल्या.

बाळू म्हणजे आमचे हे.
ओट्यावर प्रांजलची वेणी घालत होते.
मी डबा पिशवीत टाकला, चपला घातल्या,
सातची शिफ्ट होती.
वळून बघितलं तर
रिबिनीला बो करायचा सोडून
यांनी दोन वेढे घेतले
आणि टोक आत दाबलं,
विडीला दाबतात तसं.