गुण

अभ्यासक्रम तीनशे बारा. चार श्रेयांक.
दर गुरुवारी दुपारी, न्दिरांडेच्या उतारावर,
जिथे फळा नाही, छत नाही,
पत्र्यांवर दगड ठेवून धरलेली घरं
आणि मधून लाल मातीची एक वाट
जी पावसात स्वतःला ओढा समजते.

अकरा मुलं माझी, ब्लांटायरच्या कॉलेजातली,
पहिल्या दिवशी पांढरे बूट घालून आली.
प्रत्येकाच्या हातात सत्तेचाळीस प्रश्नांचा कागद :
पाणी उकळता का. हात कधी धुता. साबण कोणता.
प्रश्न मीच काढले होते,
पंख्याखाली बसून, दोन मसुदे फाडून.

त्या आठवड्यात तंबूत कॉलऱ्याचे एकोणीस.
खाटेला मधोमध भोक, खाली बादली,
बादलीवर रेघा,
माणसातून किती गेलं ते मोजायला.
लुसुंगू त्या रेघा वहीत उतरवत होता,
उठून बाहेर गेला, ओकला,
तोंड पुसत आत आला :
सॉरी मॅडम. पुढची खाट?

एनेलेसी मांडासी तळत होती चौकात.
सेहेचाळीस उत्तरं दिली तिनं, कढईवरची नजर न हलवता.
उकळता का? उकळतो, कोळसा असला तर.
धुता का? तू धुतोस का, तसे.
सत्तेचाळिसाव्याला झारा काठावर आपटला :
“आणि आमच्या जुलाबांचे
तुम्हाला गुण किती?”

मुलं एकमेकांकडे बघू लागली.
मी आभाळाकडे.
लुसुंगू म्हणाला, “शंभरातले चाळीस.”
ती हसली. घाणा निथळेपर्यंत हसत राहिली.
“बरे देतात.”

मग तेलकट बोटानं दाखवलं :
पाण्याची टपरी, हिरवा रंग, जाळीचं दार,
दाराला कुलूप.
किल्ली बिझिविककडे. तो साडेचारला निघतो,
त्याचं घर टेकडीच्या पाठीमागे.
बायका बाजारातून परततात सहाला.
सहानंतरची तहान ओढ्याच्या हवाली.

सत्तेचाळीस प्रश्नांत
किल्ली कुठेच नव्हती.

तीन अर्ज केले. तिसऱ्यावर उत्तर आलं,
की दुसऱ्या किल्लीची नियमात तरतूद नाही.
टियांजाने साहेबाच्या खोलीबाहेर दोन दिवस बसली,
दोन्ही दिवस साहेब दौऱ्यावर,
चहा मात्र आत जात होता.

शेवटी एका गुरुवारी बिझिविकनं
किल्ली कट्ट्यावर ठेवली
आणि पाठ फिरवून
भिंतीला पाणी किती ओल देतं ते बघत बसला.
तासभर बघत होता.
बाजारातल्या किल्लीवाल्यानं पैसे रोख घेतले.
पावतीवर मी लिहिलं : शैक्षणिक साहित्य.

आता संध्याकाळची किल्ली एनेलेसीच्या कमरेला.
बादलीमागचे क्वाचा पिठाच्या डब्यात,
सकाळी बिझिविकला मोजून,
एक नाणं कमी पडलं तर दोघांचं भांडण
न्दिरांडेभर ऐकू जातं.

तंबूत आज चौघं.
किल्लीनं की पाऊस ओसरला म्हणून,
मला ठाऊक नाही. अहवालात तसंच लिहिलं :
ठाऊक नाही.
विभागप्रमुखांनी ते वाक्य लाल पेनानं खोडलं
आणि वर ‘लक्षणीय घट’ लिहिलं.
मी ते परत खोडलं.

निकालपत्रक समोर आहे. गुण, श्रेणी, शेरा.
लुसुंगूनं प्रश्नावलीच्या तळाशी
पेन्सिलीनं भर घातली आहे :
४८. तुम्हाला काय विचारायचं राहिलं?
गुण औषधाला येतो म्हणतात, कुणाच्या हाताला येतो.
पोराच्या प्रश्नाला आला तर
तो मी शंभरातला किती धरू?

शेवटच्या गुरुवारी एनेलेसीनं
सगळ्यांना कागदात एकेक मांडासी दिली,
लुसुंगूला दोन,
आणि मला वर पेलाभर पाणी.
गढूळ नव्हतं. थंड होतं.
प्रश्न क्रमांक एक जिभेवर आला.
तिनं भुवई उचलली.

मी प्यायले.