अंगठाबहाद्दर

धोबीतलावला, लघुवाद कोर्टाच्या फुटपाथवर
एकतीस वर्षं टाइप केली प्रतिज्ञापत्रं.
सही न येणाऱ्यांचा अंगठा धरून
शाईवर टेकवायचो, म्हणायचो,
दाबा. हलू नका.

आता माझीच बोटं ऐकत नाहीत.
अंगठे तेवढे शाबूत.

शर्विलने लॅमिंग्टन रोडवरून
जुना गेमपॅड आणला, एक कांडी सैल,
आणि त्याचा कीबोर्ड करणारं सॉफ्टवेअर.
फुकट. लिहिणारा कोण, ठाऊक नाही;
आतलं सगळं उघडं ठेवून म्हणतो, हवं ते बदला.
खाडाखोड चालेल असा कागद
मी पहिल्यांदाच पाहिला.

"आजोबा, कुठल्या बटणाला काय?"
फुलीच्या वर मात्रा, खाली उकार,
डावीकडे ऱ्हस्व, उजवीकडे दीर्घ.
जिथल्या तिथे.
पोरं ज्या बटणाने गोळ्या झाडतात
तिथे पूर्णविराम.
सैल कांडीला माउस, पडद्यावरची व्यंजनं टिपायला.
बाण थरथरतो.
थरथरू दे.

रात्री त्याने या मांडणीचं नाव विचारलं.
अंगठा, इथवर सरळ आलो.
ब. हा.
आणि 'द'चा पाय मोडायला
बटणच ठेवलेलं नाही.

शर्विल झोपलाय.
उघडंच आहे सगळं;
करतो खाडाखोड.