गिरवणं

संडरलँडला, वेअर नदीच्या अलीकडे,
टायरच्या दुकानामागे आमचं शेड आहे.
इथे डिस्का पुसून मिळतात.

पुसणं म्हणजे काय, हे गिऱ्हाइकाला सांगावं लागतं.
तुम्ही डिलीट करता तेव्हा
यंत्र फक्त अनुक्रमणिकेतलं नाव खोडतं.
दारावरची पाटी काढली; माणसं आत तशीच,
दिवा घालवून बसलेली.
कुणी नीट कडी वाजवली तर ओ देतात.

म्हणून आम्ही गिरवतो.
हाच शब्द येतो मला.
जतच्या शाळेत दगडी पाटीवर
एका 'ग'वर पंचवीसदा पेन्सिल फिरवायची,
अक्षर पक्कं व्हावं म्हणून.
इथे उलटं. शून्यावर शून्य, शून्यावर शून्य,
खालचं अक्षर मरेस्तोवर.
थुंकी लावून पुसलेली ती पाटी
ओली असेतो स्वच्छ;
वाळली की कालचं गणित वर यायचं,
चुकलेल्या उत्तरासकट.

मार्चमधल्या एका मंगळवारी डोरीन हारबॉटल आल्या.
ऐंशीच्या आसपास, डोक्यावर पावसाची प्लास्टिक टोपी,
चाकांच्या पिशवीत टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप.
"नॉर्मनचा. नोव्हेंबरात गेला."
फोटो वगैरे आधी काढून देऊ?
"नको."
पासवर्ड?
"मला माहीत नाही. आणि तुलाही नको."

तीन तास लागतील, म्हटलं, मग भोक पाडू.
त्यांनी खुर्ची ओढली.
पडद्यावर टक्के चढत होते, बारा, तेरा,
त्या बघत होत्या
दूध उतू जाऊ नये म्हणून बघावं तसं.
चाळिसाच्या सुमाराला म्हणाल्या,
"आता कुठवर गेलं असेल?"
डिस्क वर्षांच्या क्रमाने भरत नाही, मी म्हणालो.
लग्नाच्या वाढदिवसाचा एक तुकडा इथे,
दुसरा गॅसच्या बिलाला चिकटून, भलतीकडेच.
"बरोबर," त्या म्हणाल्या,
"तसाच होता तो."

ड्रिलखाली धरली.
वाटलं होतं नेहमीचंच, करकर आणि तापलेल्या पत्र्याचा वास.
आत खळ्ळकन काहीतरी झालं.

डोरीन उभ्या राहिल्या.
"ही काच आहे."
हो. लॅपटॉपच्या डिस्का पुष्कळदा काचेच्या असतात,
वर आरशासारखा मुलामा.
"सव्वीस वर्षं होते मी काचेच्या कारखान्यात,
नदीपलीकडे. ओव्हनात घालायच्या थाळ्या.
डोळे मिटून सांगायचे,
नुसत्या टिचकीवरून, कुठल्या थाळीला तडा आहे.
आणि हे माझ्याच स्वयंपाकघरात, टेबलावर,
इतकी वर्षं.
काच आहे म्हणून
कुणी सांगितलं नाही मला."

मी काय बोलणार.
न पुसणाऱ्या गोष्टीला आमच्याकडे
काळ्या दगडावरची रेघ म्हणतात.
ती ट्रेमध्ये पडली होती,
प्रत्येक कपचीत छतावरच्या ट्यूबलाइटचा
वेगळा तुकडा घेऊन.

त्यांनी एक कपची मागितली.
नियमात बसत नाही, म्हणालो.
"यावर आता काय आहे?"
शून्यं.
"मग शून्य न्यायला काय हरकत?"

तेवढ्यात आतला फोन वाजला.
दोन मिनिटं गेलो असेन, जास्त नाही.
परतलो तर त्या हातमोजे चढवत होत्या,
उजवा जरा सावकाश.

प्रमाणपत्र भरलं. अनुक्रमांक, तारीख, पद्धत.
शेवटी एक रकाना असतो, अवशेष.
तुकडे मोजायची रीत नाही आमच्यात.
मी लिहिलं: सर्व, आमच्या ताब्यात.
पेन कोरडं पडलं होतं.
सही दोनदा गिरवावी लागली.